हॉलिवूडमध्ये सहायकाची पहिली नोकरी स्वीकारताना: पगार, तास आणि हक्क

लॉस एंजेलिसच्या चित्रपट आणि दूरचित्रवाणी व्यवसायात बाहेरून येणाऱ्या माणसाचा प्रवेश बहुधा सहायकाच्या नोकरीतून होतो. कलाकार-लेखकांना कामे मिळवून देणाऱ्या एजंटचे फोन जोडून देणारे, स्टुडिओतील अधिकाऱ्याचे वेळापत्रक सांभाळणारे, लेखकांच्या खोलीत दिवसभराच्या चर्चेची टिपणे काढणारे, सेटवर सर्वांच्या आधी पोहोचून सर्वांच्या नंतर निघणारे असे हे सहायक नाना प्रकारचे असतात. कामाचे तास लांबलचक आणि पगार तुटपुंजा, ही गोष्ट मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला सारखीच येते. हा उमेदवारीचा काळ आहे आणि तो प्रत्येकानेच सोसला आहे, असे त्याचे समर्थन वर्षानुवर्षे केले गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये दूरचित्रवाणी लेखिका लिझ अल्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘पे अप हॉलिवूड’ ही मोहीम सुरू केली. मोहिमेच्या पहिल्या सर्वेक्षणाला दीड हजारांहून अधिक सहायकांनी उत्तरे दिली आणि त्यांपैकी सुमारे ६४ टक्के जणांनी आपली वार्षिक कमाई ५०,००० डॉलर किंवा त्याहून कमी असल्याचे नोंदवले. एवढ्या पैशांत लॉस एंजेलिसमध्ये घरभाडे आणि मोटारीचा खर्च भागवायचा, तर बहुतेकांना घरून मदत घ्यावी लागते. ज्यांना ती मिळू शकत नाही, ते गुणी असूनही एक-दोन वर्षांत हा व्यवसाय सोडतात. उद्याचे लेखक, निर्माते आणि एजंट याच पायरीवरून वर जात असल्यामुळे पडद्यावर कोणाच्या गोष्टी येणार, हे पुष्कळसे येथेच ठरते, आणि म्हणूनच हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

पुढील पायऱ्या पहिली नोकरी शोधणाऱ्यांसाठी आहेत. कायद्याचे तपशील कॅलिफोर्निया राज्यातील आहेत. न्यूयॉर्क, जॉर्जिया किंवा अन्य राज्यांत नियम वेगळे असतात.

पहिली पायरी: नोकरी कोणत्या प्रकारची आहे, ते ओळखा

‘असिस्टंट’ या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळ्या नोकऱ्या येतात आणि त्यांचे संरक्षणही वेगवेगळे असते. मालिकेच्या लेखनविभागातील रायटर्स असिस्टंट (लेखकांच्या खोलीतील टिपणकार) आणि स्क्रिप्ट कोऑर्डिनेटर (पटकथांच्या आवृत्त्या सांभाळणारा) यांना आयएटीएसई या कामगार संघटनेच्या लोकल ८७१ या शाखेचे प्रतिनिधित्व मिळते. २०२१ च्या करारात या पदांचे किमान दर तिसऱ्या वर्षापर्यंत ताशी २६ डॉलरपर्यंत नेण्याचे ठरले आणि २०२४ च्या करारात तीन वर्षांसाठी अनुक्रमे ७, ४ आणि ३.५ टक्क्यांची सर्वसाधारण वाढ मिळाली. अशा पदासाठी बोलणी सुरू झाली, की प्रथम ती निर्मिती संघटनेच्या कराराखाली आहे का, हे विचारावे आणि असल्यास चालू वर्षाचा दर शाखेकडूनच पडताळून घ्यावा.

एजंटांच्या एजन्सी, कलाकारांचे व्यवस्थापन पाहणाऱ्या कंपन्या आणि स्टुडिओची कार्यालये येथील सहायकांना बहुतेक ठिकाणी संघटनेचे असे कवच नसते. सेटवरच्या प्रॉडक्शन असिस्टंटांचीही स्थिती दीर्घकाळ हीच राहिली आहे. त्यांना संघटित करण्यासाठी ‘प्रॉडक्शन असिस्टंट्स युनायटेड’ ही चळवळ उभी राहिली आहे. ज्यांच्यामागे करार नाही, त्यांच्यामागे राज्याचा कामगार कायदा मात्र पूर्णपणे उभा असतो, आणि तो अनेकांच्या समजुतीपेक्षा बराच भक्कम आहे.

दुसरी पायरी: सांगितलेल्या आकड्याचा ताशी दर काढा

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवावी. नोकरी देणारा आठवड्याचा किंवा वर्षाचा आकडा सांगतो, आणि तो आकडा किती तासांच्या कामासाठी आहे हे कळल्याशिवाय त्याला काहीही अर्थ नसतो.

कॅलिफोर्नियात दिवसाच्या आठ तासांनंतर दीडपट आणि बारा तासांनंतर दुप्पट वेतन द्यावे लागते. आठवड्याचे चाळीस तास ओलांडल्यावरही दीडपट दर लागू होतो. एका कामाच्या आठवड्यात सलग सातव्या दिवशी बोलावले, तर त्या दिवसाचे पहिले आठ तास दीडपट आणि पुढचे दुप्पट दराने मोजले जातात. आता समजा, तुम्हाला आठवड्याला ६० तासांचे, म्हणजे रोज १२ तासांप्रमाणे पाच दिवसांचे, काम सांगून १,२०० डॉलर देऊ केले. प्रत्येक दिवसाचे पहिले आठ तास साध्या दराने आणि उरलेले चार तास दीडपटीने, म्हणजे सहा तासांच्या मोलाने मोजायचे. एका दिवसाचे १४ आणि पाच दिवसांचे ७० तास झाले. १,२०० ला ७० ने भागले, की ताशी दर १७.१४ डॉलर येतो. लॉस एंजेलिस शहराचे किमान वेतन १ जुलै २०२५ पासून ताशी १७.८७ डॉलर करण्यात आले. ऐकायला भरघोस वाटणारी ही रक्कम त्या किमान वेतनाच्याही खाली जाते. त्या दराने आठवड्याला कमीत कमी १,२५०.९० डॉलर मिळायला हवेत.

वार्षिक आकड्याचेही तसेच आहे. वर्षाला ५०,००० डॉलर आणि रोज दहा तासांप्रमाणे आठवड्याला ५० तास काम, असे सांगितले असेल, तर आठवड्याचे साधारण ९६१.५४ डॉलर होतात. चाळीस साधे तास आणि दहा जादा तासांचे पंधरा, असे ५५ तास धरले की ताशी दर १७.४८ डॉलर पडतो. हाही शहराच्या किमान वेतनापेक्षा कमीच आहे. हे गणित समोरच्याने तुमच्यासाठी करून द्यावे अशी अपेक्षा ठेवू नये. कागद-पेन्सिल घेऊन ते स्वतः करावे.

किमान वेतन कोणत्या हद्दीतले धरायचे, हेही महत्त्वाचे असते, कारण काम प्रत्यक्ष जेथे चालते तेथील दर लागू होतो आणि ‘हॉलिवूड’ एकाच नगरपालिकेत वसलेले नाही. पॅरामाउंटचा जुना स्टुडिओ लॉस एंजेलिस शहरात येतो. वॉर्नर आणि डिस्ने यांची मुख्य आवारे बरबँकमध्ये आहेत आणि तेथे राज्याचा दर चालतो, जो १ जानेवारी २०२६ पासून ताशी १६.९० डॉलर आहे. वेस्ट हॉलिवूड आणि सँटा मोनिका यांनी स्वतःचे, राज्यापेक्षा अधिक दर ठरवले आहेत. हे दर बहुधा दरवर्षी जानेवारीत किंवा जुलैत बदलतात, त्यामुळे रुजू होताना त्या त्या शहराचा ताजा दर पाहावा.

तिसरी पायरी: ओव्हरटाइम टाळण्याच्या तीन पळवाटा ओळखा

पहिली पळवाट म्हणजे ‘हे मासिक पगाराचे पद आहे, त्यामुळे ओव्हरटाइम नाही’ असे सांगणे. पगारी म्हटल्याने कोणी ओव्हरटाइमच्या कायद्यातून आपोआप वगळला जात नाही. वर्षाचा पगार राज्याच्या किमान वेतनाच्या दुपटीने होणाऱ्या रकमेहून कमी नसावा, ही पहिली अट. २०२६ साठी ती रक्कम ७०,३०४ डॉलर आहे. शिवाय कामाचा निम्म्याहून अधिक वेळ स्वतःच्या निर्णयाने, स्वतंत्र विचाराने करण्याच्या कामात जायला हवा, ही दुसरी अट. फोन जोडणे, भेटी ठरवणे, पटकथांच्या प्रती काढणे हे काम दुसऱ्या अटीत बसत नाही. बहुसंख्य सहायक म्हणूनच ताशी वेतनाचे आणि ओव्हरटाइमचे हक्कदार असतात.

दुसरी पळवाट तुम्हाला कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानण्याची आहे. छोट्या निर्मितिसंस्था वेळ कोणती, काम कोणते आणि जागा कोणती हे सारे स्वतः ठरवतात आणि वर्षअखेरीला हातात मात्र डब्ल्यू-२ या कर्मचाऱ्याच्या वेतन-कर पत्रकाऐवजी १०९९ हे कंत्राटदाराचे पत्रक ठेवतात. त्यामुळे मालकाच्या वाट्याचा करही तुमच्यावर पडतो आणि ओव्हरटाइम, बेकारी विमा, कामावरील दुखापतीची भरपाई ही सारी संरक्षणे जातात. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या एबी-५ या कायद्याने कंत्राटदार ठरवण्याची कसोटी कडक केली असून सेटवर सांगकाम्या म्हणून राबणारा प्रॉडक्शन असिस्टंट तिच्यात क्वचितच बसतो.

तिसरी पळवाट बिनपगारी ‘अनुभवाची’ आहे. २०११ मध्ये दोन प्रशिक्षणार्थींनी फॉक्स सर्चलाइट कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दावा केला. २०१५ मध्ये तेथील संघीय अपील न्यायालयाने अशा व्यवहारात मुख्य लाभ कोणाचा होतो, हे पाहण्याची कसोटी घालून दिली. नफ्यासाठी चालणारी कंपनी पगारी माणसाचे नेहमीचे काम तुमच्याकडून फुकट करून घेत असेल, तर त्याला शिक्षण म्हणता येत नाही.

परदेशातून चित्रपटशिक्षणासाठी आलेल्यांनी येथे विशेष सावध राहावे. शिक्षणानंतर परदेशी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या ओपीटी या तात्पुरत्या काम-परवान्यावर बेकारीचे एकूण ९० दिवस भरले, की राहण्याचा हक्क धोक्यात येतो. ही धास्ती ओळखून काहीजण फुकट काम देऊ करतात आणि ‘निदान दिवस तरी मोजले जाणार नाहीत’ असे सांगतात. नियमानुसार बिनपगारी काम तेव्हाच चालते, जेव्हा त्याने कामगार कायद्याचा भंग होत नाही. म्हणून असा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा सल्ला घ्यावा. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: केलेल्या कामाच्या वेतनाचा हक्क राज्याचा कायदा नागरिकत्व किंवा व्हिसा न पाहता देतो.

चौथी पायरी: होकार देण्यापूर्वी विचारा आणि उत्तर लेखी घ्या

१ जानेवारी २०२३ पासून पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीतच वेतनाची मर्यादा छापावी लागते. आधीच्या नोकरीत किती मिळत होते, हे उमेदवाराला विचारण्यास २०१८ पासून बंदी आहे. तरीही कोणी विचारलेच, तर ‘या पदासाठी कोणती मर्यादा ठरली आहे?’ असा शांतपणे उलट प्रश्न करणे पूर्णपणे रास्त आहे.

ताशी दर, आठवड्याला हमी दिलेले तास, ओव्हरटाइमला कोणाची पूर्वमंजुरी लागते, आरोग्यविमा कधीपासून मिळेल, स्वतःची मोटार आणि फोन वापरावे लागतील का, आणि पहिला वेतनआढावा केव्हा होईल, एवढे प्रश्न विचारायलाच हवेत. हमीच्या तासांबद्दल मी थोडा आग्रह धरेन. दर कागदावर वाढवून हमीचे तास ६० वरून ५० किंवा ४० वर आणले, की घरी येणारी रक्कम कमी होऊ शकते, आणि अनेकांना हे पहिला धनादेश हातात पडल्यावरच कळते. तोंडी बोलणे झाल्यावर त्याच दिवशी ‘आज आपले असे ठरले, काही चुकले असल्यास कृपया कळवावे’ एवढा ईमेल नम्रपणे पाठवून द्यावा. स्वाक्षरीचा करार नसला, तरी पुढे वाद झाल्यास असा ईमेल पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

पाचवी पायरी: पहिल्या दिवसापासून तास आणि खर्च लिहून ठेवा

टाइमकार्डावर प्रत्यक्ष केलेले तासच लिहावेत. ‘रोज दहाच लिहायचे, आमच्याकडे अशीच पद्धत आहे’ असे वरिष्ठ सहायकच सांगतो, आणि नवा माणूस संकोचाने मान डोलावतो. मंजुरी न घेता जादा काम केल्याबद्दल मालक समज देऊ शकतो. पण त्याने ते काम होऊ दिले असेल, तर त्याचे पैसे बुडवता येत नाहीत. रात्री घरी बसून पटकथा वाचून अहवाल लिहिणे, रविवारी साहेबांच्या विमानाची वेळ बदलून घेणे, पहाटे फोनवर उत्तरे देणे, हे सारे कामच आहे. आपल्या वहीत किंवा खाजगी फोनमध्ये सुरुवातीची आणि सुटण्याची वेळ रोज नोंदवावी. ही नोंद कंपनीच्या संगणकावर ठेवू नये, कारण नोकरी सुटताच तो संगणक हातचा जातो. मागील वेतनचिठ्ठ्यांच्या प्रती मागितल्यास मालकाने त्या २१ दिवसांच्या आत द्यायला हव्यात.

जेवणाच्या सुट्टीबाबत एजन्सीसारख्या कार्यालयात पाचवा तास संपण्यापूर्वी किमान ३० मिनिटांची सुट्टी सुरू व्हावी लागते, तर चित्रनिर्मितीला लागू असलेल्या राज्याच्या १२ क्रमांकाच्या वेतन-आदेशात (उद्योगवार वेतन-नियमांत) सहा तासांची मर्यादा आहे. सुट्टीत तुम्ही कामातून खरोखर मोकळे असले पाहिजे. डेस्कवर बसून एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने फोन घेणे म्हणजे सुट्टी नव्हे, आणि सुट्टी नाकारली तर त्या दिवशी एका तासाचे जादा वेतन देय होते. सेटवर बोलावून काम न देताच परत पाठवले, तरीही ठरलेल्या वेळेच्या निम्म्या तासांचे, किमान दोन आणि कमाल चार तासांचे, वेतन मिळते.

खर्चाच्या बाबतीत सहायक स्वतःचे फार नुकसान करून घेतात. साहेबांचे जेवण, पाहुण्यांसाठी फुले, पार्किंग, पेट्रोल हे सारे आधी स्वतःच्या कार्डावर पडते आणि परतावा महिन्यानंतर येतो किंवा मागायचाच राहून जातो. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेचे कलम २८०२ कामासाठी झालेला आवश्यक खर्च भरून देण्याची जबाबदारी मालकावर टाकते. खाजगी फोन कामासाठी वापरावा लागत असेल, तर त्या बिलाचा वाजवी हिस्साही त्यात येतो, असे राज्याच्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. स्वतःच्या मोटारीने कामासाठी केलेल्या प्रवासाचा दर ठरवताना संघीय कर खात्याचा प्रमाण दर वापरण्याची रीत आहे. २०२५ मध्ये तो मैलाला ७० सेंट होता. प्रत्येक पावतीचा फोटो त्याच क्षणी काढावा आणि आठवड्याला एकदा हिशेब सादर करावा. मोठी रक्कम असेल, तर ‘कंपनीचे कार्ड किंवा आगाऊ रोकड मिळेल का?’ असे विचारण्यात काहीही कमीपणा नाही.

सहावी पायरी: थकव्याला कामाचा धोका माना

१९९७ मध्ये एक सहायक कॅमेरामन सलग १९ तासांच्या कामानंतर घरी जाताना गाडीतच झोप लागून मरण पावला. त्यानंतर छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलर यांनी कामाच्या तासांवर मर्यादा आणण्यासाठी आयुष्यभर आवाज उठवला. प्रॉडक्शन असिस्टंट सर्वांत शेवटी निघतो, म्हणजे त्याच वेळी सर्वांत जास्त थकलेला असतो. डोळे मिटत असतील, तर गाडी चालवता येणार नाही असे स्पष्ट सांगून हॉटेलची खोली किंवा घरी सोडण्याची व्यवस्था मागावी. पुष्कळ निर्मितिसंस्थांत अशी तरतूद असते, पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही. ही मागणी केल्याने आपण नाजूक ठरू, असे वाटून गप्प बसू नये.

सातवी पायरी: पगाराविषयी सहकाऱ्यांशी बोला

आपला पगार इतरांना सांगण्यास मालक मनाई करू शकत नाही. राज्याच्या कायद्यात तसे स्पष्ट लिहिले आहे आणि १९३५ च्या राष्ट्रीय कामगार संबंध कायद्याने कर्मचाऱ्यांना एकत्र येऊन आपल्या अटींविषयी बोलण्याचा हक्क दिला आहे, संघटना असो वा नसो. २०१९ च्या मोहिमेचे बळ यातच होते. एकेकट्याने संकोचाने दडवलेले आकडे एकत्र मांडले गेले, तेव्हा काही एजन्सींनी सहायकांचे दर वाढवले. वाढ मागायला जाताना त्याच पदावरच्या चार-पाच जणांचे ताशी दर, स्वतःच्या तासांची नोंद आणि रुजू झाल्यानंतर अंगावर आलेल्या नव्या जबाबदाऱ्या, एवढे हाताशी असावे. घरभाडे परवडत नाही हे खरे असले, तरी बोलणीत कामाचे मोल पुढे ठेवणे अधिक उपयोगी पडते.

आठवी पायरी: वाईट वागणूक सहन करू नका, तिची नोंद ठेवा

अंगावर वस्तू फेकणे, सर्वांसमोर अपमान करणे, रात्री-बेरात्री खाजगी कामांना जुंपणे यांना ‘या धंद्याची रीत’ म्हणून झाकले जाते. प्रसंग घडला त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द आणि उपस्थित असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. गुपचूप ध्वनिमुद्रण मात्र करू नये. सर्व पक्षांच्या संमतीशिवाय गोपनीय संभाषण टिपणे कॅलिफोर्नियात गुन्हा ठरते, आणि साहेबांचे फोन ऐकत टिपणे काढणे हेच ज्यांचे काम आहे, त्यांनी ही सीमा विशेष जपावी. लैंगिक छळ किंवा भेदभावाची तक्रार राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे तीन वर्षांच्या आत करता येते, आणि छळाच्या बाबतीत एकच कर्मचारी असलेला मालकही कायद्यातून सुटत नाही. कोणाशी बोलावे हेच सुचत नसेल, तर मनोरंजन व्यवसायातील छळ आणि भेदभाव रोखण्यासाठी २०१७ मध्ये कायद्याच्या प्राध्यापिका अनिता हिल यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या हॉलिवूड कमिशनची मदत-साधने पाहावीत. पैशांची अचानक चणचण भासली, तर पूर्वी अॅक्टर्स फंड म्हणून ओळखला जाणारा एंटरटेनमेंट कम्युनिटी फंड पडद्यामागच्या कामगारांनाही साहाय्य करतो.

नववी पायरी: बुडालेले पैसे मागा, नोकरी सोडताना हिशेब पुरा करा

आधी वेतनविभागाला ईमेल करावा. पुष्कळ चुका तेथेच दुरुस्त होतात. तसे झाले नाही, तर राज्याच्या लेबर कमिशनरकडे (कामगार आयुक्तांकडे) वेतनाचा दावा दाखल करता येतो. त्याला शुल्क नाही आणि वकील असलाच पाहिजे असेही नाही. किमान वेतन आणि ओव्हरटाइमसाठी मुदत तीन वर्षांची आहे. लेखी कराराच्या भंगासाठी चार, तर तोंडी करारासाठी दोन वर्षांची. हक्क मागितल्यावर ९० दिवसांच्या आत मालकाने काढून टाकले किंवा शिक्षा केली, तर ते सूडाने केले असे गृहीत धरून मालकाला खुलासा करावा लागतो, अशी तरतूद १ जानेवारी २०२४ पासून झाली आहे. भीती त्यामुळे संपत नाही, हे खरे आहे. हा व्यवसाय शिफारशींवर चालतो आणि नाव खराब होईल ही धास्ती खोटी नाही. म्हणून दाव्याची वेळ स्वतः निवडावी. नवी नोकरी मिळाल्यानंतर केलेला दावाही मुदतीत असेल तर तितकाच वैध असतो.

मालकाने काढून टाकले, तर थकलेले सर्व वेतन त्याच वेळी द्यावे लागते. तुम्ही ७२ तासांची पूर्वसूचना देऊन नोकरी सोडली, तर ते शेवटच्या दिवशी, आणि सूचना न देता सोडली, तर ७२ तासांच्या आत मिळायला हवे. चित्रपटनिर्मितीतील तात्पुरते काम संपल्यावर कामावरून कमी केले गेले, तर मात्र पुढच्या नेहमीच्या वेतनदिवसापर्यंतची मुदत मालकाला मिळते. जाणूनबुजून उशीर केला, तर प्रत्येक दिवसाला एका दिवसाचे वेतन, असा कमाल ३० दिवसांचा दंड लागतो. निघण्यापूर्वी न मिळालेल्या खर्चाच्या पावत्या सादर कराव्यात, शिल्लक भरपगारी रजेचे पैसे वेतनचिठ्ठीत आले आहेत का ते पाहावे, आणि वर्षअखेरीचा डब्ल्यू-२ पोहोचावा म्हणून आपला नवा पत्ता वेतनविभागाला लेखी कळवावा.